झेलणाऱ्याचे मोल

२०२१ सालच्या १२ जानेवारीला सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्यापैकी एकाच्या भाच्याचा ओहायो राज्यातल्या कोलंबसहून फोन आला. तिकडे मध्यरात्र होत आली होती. अवेळी आलेला फोन म्हणून काळजाचा ठोका चुकला, पण पोराचा आवाज रडवेला असला तरी कारण वेगळेच निघाले. "मामा, त्या एका माणसानं आमचा निकाल लावला," एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याच्या विद्यापीठाचा, म्हणजे ओहायो स्टेटचा, फुटबॉल संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात अलाबामा विद्यापीठाकडून ५२–२४ असा हरला होता. हा मुलगा मूळचा आमच्यासारखाच क्रिकेटच्या गुणफलकावर वाढलेला. पण ज्या गावातल्या विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी लाखभर माणसे बसतात, त्या गावात राहून कोरडे राहणे त्याला जमले नव्हते.

आम्ही त्याची समजूत काढली आणि ऑनलाइन तासिकेकडे वळलो. ते दिवस तसेच होते. पडद्यावर चौकोनांत नावे दिसत, चेहरे दिसत नसत. पण 'तो एक माणूस' मनातून गेला नाही. पुढे भाच्याने त्या सामन्याचे चित्रण पाठवले, मग आधीच्या सामन्यांचेही, आणि मराठीचे अध्यापन करणारे आम्ही दोघे त्या टाळेबंदीच्या हिवाळ्यात अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या नादी लागलो. विभागातल्या सहकाऱ्यांना हे आजतागायत सांगितलेले नाही.

खेळाची तोंडओळख थोडक्यात करून द्यायला हवी. नाव फुटबॉल असले तरी पायाचा संबंध बेताचाच. आक्रमण करणाऱ्या संघाने चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे. तेवढे जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असे सरकत प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन होतो. चेंडू दोन प्रकारे पुढे जातो : कुणीतरी तो छातीशी धरून धावतो, किंवा क्वार्टरबॅक नावाचा सूत्रधार तो फेकतो आणि दूरवर धावत गेलेला रिसीव्हर तो झेलतो. रिसीव्हर ज्या वाटेने धावतो ती वाट आधी ठरलेली असते. किती पावलांनंतर कुठे वळायचे, हेही ठरलेले असते. उत्तम क्वार्टरबॅक रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू सोडतो. चेंडू हातातून सुटतो तेव्हा ज्या जागी तो पोचायचा आहे तेथे कुणीही नसते.

आणि झेल सुटला तर? चेंडू जमिनीवर पडला की त्या फेकीची नोंद 'अपूर्ण' अशी होते. फेकणाऱ्याचा नेम कितीही अचूक असो, झेलणारा नसेल तर ती फेक पुरी झाली असे हा खेळ मानत नाही. काव्यशास्त्राचा पेपर शिकवणाऱ्यांना येथे अभिनवगुप्ताचा सहृदय आठवला नसता तरच नवल. अर्थात अशी उपमा हाती लागली की मास्तर मंडळी तिच्यावरच स्वार होतात आणि खेळ बाजूला राहतो. म्हणून ती येथेच ठेवून पुढे जातो.

त्या एका माणसाचे नाव डिव्हॉन्टा स्मिथ. लुइझियाना राज्यातल्या अमिट नावाच्या लहानशा गावचा हा मुलगा. वजन अधिकृत नोंदीनुसार १७५ पौंड, म्हणजे ऐंशी किलोही नाही. या धिप्पाडांच्या खेळात तो पोशाखाच्या आत हरवलेला वाटतो. २०२० च्या हंगामात अलाबामाने तेराच्या तेरा सामने जिंकले आणि स्मिथने त्यांत ११७ झेल घेतले, १,८५६ यार्ड मिळवले, झेल घेऊन २३ टचडाउन केले. संघात त्याच्या खालोखाल जॉन मेची याचे झेल ५५, निम्म्याहूनही कमी. क्वार्टरबॅक मॅक जोन्स याने त्या हंगामात एकंदर साडेचार हजार यार्डांच्या पूर्ण फेकी केल्या. म्हणजे संघ हवेतून जे अंतर कापत होता त्यातले पाचांत दोन भाग या एका किडकिडीत मुलाच्या हातांतून जात होते.

कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला १९३५ पासून हाइजमन पारितोषिक देतात. ५ जानेवारी २०२१ रोजी ते स्मिथला जाहीर झाले. त्याआधी ते रिसीव्हरला मिळाले होते १९९१ मध्ये, मिशिगनच्या डेस्मंड हॉवर्डला. मधल्या अठ्ठावीस पारितोषिकांपैकी १९९७ चा एक बचावपटू वगळला तर बाकी सारी क्वार्टरबॅक आणि चेंडू घेऊन धावणारे रनिंग बॅक यांनी वाटून घेतली. यात अन्याय आहे असे एकदम म्हणता येत नाही. क्वार्टरबॅक जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडूला हात लावतो, रिसीव्हर मात्र सामन्यातल्या साठ-सत्तर चालींपैकी दहा-बारा वेळा. उरलेल्या पन्नास चालींत तो काय करतो, याची नोंद ठेवणारा रकानाच नसतो. त्या वर्षी मतांच्या क्रमवारीत मॅक जोन्स तिसरा आला आणि रनिंग बॅक नाजी हॅरिस पाचवा. फेकणारा, झेलणारा आणि धावणारा तिघेही एकाच संघाचे, आणि पहिला क्रमांक झेलणाऱ्याचा.

येथे आम्हा दोघांत वादाला तोंड फुटले. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की जोन्सने ४०२ फेकींपैकी ३११ पूर्ण केल्या, म्हणजे शंभरात सत्त्याहत्तर. असा माणूस फेकायला असेल तर कुणीही झेलील. त्यातून पुढे पाच दणकट गडी क्वार्टरबॅकला भिंतीसारखे जपत होते, आणि चाली रचणारे स्टीव्ह सार्किझियन पाठीशी होते. सबब, स्मिथ हे कारण नसून कार्य आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की तो आकडा सत्त्याहत्तर झाला कशामुळे? रिसीव्हर मोकळा सुटला की फेक सोपी होते आणि सोपी फेक पूर्ण होते. ५ डिसेंबरला लुइझियाना स्टेटविरुद्ध स्मिथने बचावपटू अंगाशी असताना एका हाताने घेतलेला टचडाउनचा झेल पाहिला की 'कुणीही झेलील' हे वाक्य पुन्हा उच्चारण्याची हिंमत होत नाही. हा वाद आम्ही कोणत्याही कादंबरीवर घातला असता त्याहून अधिक गांभीर्याने घातला.

पण दोघांनाही विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच होती. हंगामाच्या आरंभी अलाबामाचा तारा स्मिथ नव्हताच. जेलन वॉडल नावाचा दुसरा, त्याच्याहूनही वेगवान रिसीव्हर होता. पहिल्या चार सामन्यांत त्याने स्मिथपेक्षा कमी झेल घेऊनही जास्त यार्ड मिळवले होते. २४ ऑक्टोबर २०२० रोजी टेनेसीविरुद्धच्या सामन्यात आरंभीच्याच किकवर वॉडलचा घोटा मोडला. अशा वेळी उरलेल्या ताऱ्याकडे सगळे चेंडू जातील असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात स्मिथच्या वाट्याला त्या दिवशी सात झेल आणि ७३ यार्ड आले. मेचीनेही झेल सातच घेतले, पण त्याचे यार्ड झाले १५१. अलाबामाने सामना ४८–१७ असा जिंकला. पुढच्याच आठवड्यात, मिसिसिपी स्टेटविरुद्ध, स्मिथने ११ झेल, २०३ यार्ड आणि चार टचडाउन केले.

आकड्यांवरून कारण सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही या खेळाचे एक साधे अंकगणित आहे. दोन्हीकडे गडी अकराच. आक्रमणातले पाच जण भिंत धरून असतात, एक फेकतो, म्हणजे झेलू शकणारे उरतात पाच. बचावाने त्यांपैकी एकावर दोन गडी घातले, तर दुसरीकडे कुठेतरी एक गडी कमी पडणारच. सेफ्टी म्हणून जो बचावपटू मागे उभा राहून सगळ्यांवर लक्ष ठेवतो, तो स्मिथच्या बाजूला दोन पावले झुकला की मधली वाट नाजी हॅरिसला मोकळी होते. १९ डिसेंबरला फ्लोरिडाविरुद्ध स्मिथने १५ झेल घेतले आणि हॅरिसने पाच टचडाउन केले. दोघे एकमेकांच्या वाट्याचे खात नव्हते, एकमेकांसाठी जागा करत होते. कबड्डीत चढाईपटू एका कोपऱ्याला हूल देतो आणि भलत्याच गड्याला टिपतो, ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. येथे हूल देणारा एक आणि टिपणारा दुसरा, एवढाच फरक. आणि हूल उठण्यासाठी त्या माणसाची आधी धास्ती असावी लागते. ऐऱ्यागैऱ्याच्या हुलीला कुणी फसत नाही.

चित्रणे पाहताना आम्ही हळूहळू चेंडूवरून नजर काढायला शिकलो. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही, कारण कॅमेराच चेंडूमागे धावतो. पण चाल सुरू होण्यापूर्वीच्या दोन-चार सेकंदांत सगळे मैदान पडद्यावर दिसते, आणि तेवढ्यात बचावातले किती डोळे कुणाकडे आहेत हे कळते. स्मिथ डावीकडून उजवीकडे चालू लागला की समोरची सगळी रांग वाऱ्याने पीक हलावे तशी हलते. मग चेंडू निघतो आणि तिसऱ्याच कुणाच्या हाती जातो. त्या चालीत स्मिथच्या नावापुढे शून्य लागते.

त्याच महिन्यांत आमच्या वर्गात जे चालले होते ते येथे सांगितले नाही तर या नादाचे कारणच कळणार नाही. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक विद्यार्थिनी होती. पहिल्या वर्षी, वर्ग अजून भिंतींच्या आत भरत असताना, ती मधल्या बाकावर पंख्याखाली बसे. फारसे बोलत नसे, प्रश्नही क्वचितच विचारी. पण लिहिता लिहिता तिचे पेन थांबे, ती मान वर करून आमच्याकडे एकटक पाही, आणि आम्हाला वाटे की आता जे बोललो ते नीट पोचलेले नाही. मग आम्ही तेच दुसऱ्या शब्दांत सांगत असू. दुसऱ्यांदा सांगताना ते अधिक बरे जमे, आणि त्याचा लाभ साऱ्या वर्गाला होई. आम्ही दोघांनी ही गोष्ट एकमेकांना कधी सांगितली नव्हती. ती सांगितली गेली ती वर्ग ऑनलाइन झाल्यावर, जेव्हा नावांच्या यादीतून तिचे नाव एक दिवस दिसेनासे झाले. घरात फोन एकच होता आणि त्यावर धाकट्या भावाची शाळा होती, हे पुढे कळले. त्या दिवसापासून आमचे व्याख्यान बिघडले. टिपणे तीच होती, पण पाऊण तासाचे बोलणे अर्ध्या तासात संपू लागले. सगळे मुद्दे सांगून होत आणि तरीही काही सांगितल्यासारखे वाटत नसे.

तेव्हा आमच्या लक्षात आले की दोन वर्षे आम्ही साठ जणांच्या वर्गाला शिकवत होतो हे खरे नव्हते. आम्ही एकीला शिकवत होतो. तिच्यामुळे इतरांना जागा मिळत होती, की त्यांच्या वाट्याचे चेंडूही आम्ही तिच्याकडेच फेकत होतो? टेनेसीच्या सामन्यात मेची होता. आमच्या वर्गातला मेची कोण, हे पाहण्याची तसदी आम्ही घेतलेली नव्हती. आज्ञावलीतले सगळे मायक्रोफोन बंद ठेवायला लावणारे आम्हीच होतो.

आता त्या अंतिम सामन्याकडे वळतो. पहिल्या अर्ध्या भागात स्मिथने १२ झेल घेतले, २१५ यार्ड मिळवले आणि तीन टचडाउन केले. तिसरा टचडाउन ४२ यार्डांचा. तो आम्ही किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही. स्मिथला धरायला हलक्या पायाचा कॉर्नरबॅक हवा, पण चालीची रचना अशी की त्याच्यामागे धावत होता एक लाइनबॅकर, म्हणजे मधल्या फळीतला जड गडी. त्या बिचाऱ्याच्या धावण्यातच निकाल लिहिलेला दिसतो. आमच्यापैकी सार्किझियनपक्षीयाने येथे अर्थातच टाळी मागितली. ती देण्यावाचून गत्यंतर नव्हते. मध्यंतराला गुणफलक ३५–१७ झाला होता.

आणि मग तिसऱ्या सत्राच्या आरंभीच स्मिथचे बोट निखळले. तो आत गेला आणि पुन्हा खेळला नाही. दुरुस्त न झालेल्या घोट्याने लंगडत का होईना, पण वॉडल त्या दिवशी मैदानात उतरला होता. जोन्स फेकत होता, हॅरिस धावत होता. अलाबामाने त्यानंतर १७ गुण मिळवले, ओहायो स्टेटला ७ मिळवता आले. म्हणजे ज्याने 'आमचा निकाल लावला' असे भाचा म्हणत होता, तो अर्धा सामना कडेला उभा होता. मग त्याचे मोल किती धरायचे? तो नसतानाही संघ जिंकला म्हणून कमी, की तो असेपर्यंतच सामना संपला होता म्हणून जास्त?

तारा असणे पुरेसे नसते याचे उदाहरण याच खेळात आहे. २००३ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या लॅरी फिट्झजेराल्डने ९२ झेल, १,६७२ यार्ड आणि २२ टचडाउन केले. आकड्यांनी तो स्मिथपासून फार दूर नाही, सामनेही तेराच. पण पिट्सबर्गने त्यांतले आठच जिंकले. हाइजमनच्या मतांत तो दुसरा राहिला आणि पारितोषिक एका क्वार्टरबॅकला गेले. तारा होता, त्याच्याभोवतीचे आभाळ तेवढे नव्हते, असे आमच्यातला एक म्हणाला. हे वाक्य जरा फारच मराठी झाले हे त्यानेही कबूल केले.

दुसरे उदाहरण भाच्याच्या जिव्हारी लागलेले आहे. ३१ डिसेंबर २०२२, अटलांटा, उपान्त्य सामना, समोर जॉर्जिया. ओहायो स्टेटचा मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर त्या रात्री १०६ यार्ड आणि दोन टचडाउन करून खेळत होता. तिसऱ्या सत्राच्या अखेरीस टोकाच्या पट्ट्यात झेलासाठी झेपावताना त्याला जबर धडक बसली. डोक्याला मार लागल्याने तो परतला नाही. तेव्हा ओहायो स्टेट ३५–२४ असे पुढे होते. त्यानंतर त्यांना पुन्हा एकही टचडाउन करता आला नाही. दोन फील्ड गोलांचे सहा गुण, एवढेच. जॉर्जियाने ४२–४१ असा सामना काढला. पन्नास यार्डांवरची शेवटची किक भरकटली तेव्हा तिकडे नवे वर्ष लागत होते.

आमच्याकडे पुन्हा सकाळी साडेदहाला फोन वाजला. "हॅरिसन असता तर..." एवढेच ऐकू आले. आम्ही, विशेषतः आमच्यातल्या एकाने, त्याला निष्ठुरपणे सांगितले की हॅरिसन बचावात खेळत नव्हता. जॉर्जियाचा ७६ यार्डांचा टचडाउन तुमच्या सेफ्टीचा पाय घसरल्यामुळे झाला, त्याचा दोष रिसीव्हरच्या अनुपस्थितीवर कसा टाकणार? पोरगा गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, तो गेल्यावर त्यांचे सगळे गडी एकेक पाऊल पुढे येऊन उभे राहिले. तुम्ही बघा." आम्ही पुन्हा पाहिले. ते पाऊल आम्हाला दिसले असे शपथेवर सांगता येणार नाही. दिसले नाही असेही सांगता येणार नाही.

त्याच वर्षी ती विद्यार्थिनी कसल्याशा दाखल्यासाठी महाविद्यालयात आली होती. परीक्षा तिने नंतर दिली, बऱ्या गुणांनी पास झाली. आता एका खाजगी शिकवणीत दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. चहा पिता पिता, थोडे अवघडत, आम्ही तिला सांगितले की ती वर्गात नसताना आम्हाला शिकवणे जड गेले, तिचे ते पेन थांबवून वर पाहणे आम्हाला किती उपयोगी पडत असे. असे काही विद्यार्थ्यांना सांगण्याची आम्हाला सवय नाही, त्यामुळे वाक्ये जरा जडच झाली.

ती आधी गोंधळली आणि मग हसू लागली. "मॅडम, खरं सांगू का? रागावणार नाही ना? त्या पंख्याचा इतका आवाज यायचा की सरांचं निम्मं बोलणं ऐकूच यायचं नाही. म्हणून तोंडाकडे बघत बसायचे. तुम्ही परत सांगायला लागलात की मग लिहून घ्यायचे."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. तिला दाखला मिळाला होता, गाडीची वेळ होत होती. जाताना तिने वाकून नमस्कार केला, आम्ही नको नको म्हणत राहिलो. ती गेल्यावर आमच्यापैकी एक जण त्या वर्गात गेला आणि पंखा लावून मधल्या बाकावर बसला. दुसरा फळ्यापाशी उभा राहून काहीबाही बोलू लागला. निम्मे ऐकू येत नाही, हे खरे निघाले. पंखा अजून तोच आहे. दुरुस्तीचा अर्ज आम्ही त्याच दुपारी लिहिला, आणि त्यावर सही कुणी करायची यावरून नव्याने वाद घातला.